डावीकडून, मागून, गाडी हळू असताना

...नाही, पण मी म्हणते, आवाज आला तर तो गाडीत बसलेल्या सगळ्यांना यायला नको का? आवाज म्हणजे काय वास आहे, की एकाला आला आणि दुसऱ्याला नेमकी सर्दी झालेली? खट्टक! असा. जाड. बंद कपाटात कुणीतरी अडकलंय आणि आतून दारावर ठोसा मारतंय, तसा. डावीकडून. मागून. गाडी हळू असताना. आणि आमच्या गाडीत डावीकडे मागे कोण बसतं? बाईसाहेब बसतात. बाईसाहेब म्हणजे आमची मुलगी. वय सहा महिने, दात शून्य, मतं भरपूर. त्यांचं ते पट्ट्यापट्ट्यांचं सीट नवऱ्याने स्वतःच्या हाताने बसवलंय, माहितीपत्रक समोर उघडून, घामाघूम होऊन, आणि तुम्हाला सांगते, बरोबर त्या सीटच्या खालून... खट्टक!

आवाज झाला की बाईसाहेब डोळे घट्ट मिटून घेतात. का? भीतीने! दुसरं काय? माझं पोर बोलत नाही म्हणून काय त्याला भीती वाटत नाही?

आता तुम्ही म्हणाल, गाडी जुनी असेल. आहे ना! जुनी म्हणजे काय, नवऱ्याची थोरली बहीणच म्हणा. सासऱ्यांची गाडी. सासरे धरणांच्या कामांवर होते, आणि जिथे शेळीसुद्धा पुढचा पाय टाकण्याआधी विचार करते अशा उतारांवरून त्यांनी ती फिरवलेली. चारही चाकं ओढणारी, उंच, चौकोनी, आत चढायचं तर साडी नेसलेल्या बाईने आधी मनाची तयारी करावी अशी. तिच्यात दारं वाजतात, काचा वाजतात, मागचा जॅक वाजतो, आणि हॉर्न? हॉर्न उजवीकडे वळलं की आपोआप वाजतो. मग एवढ्या वाद्यवृंदात तुला एकच आवाज कसा काय वेगळा ऐकू येतो, असं नवऱ्याने मला विचारलं. मी म्हटलं, अरे, शंभर मुलं रडत असली तरी आईला आपलं मूल कळतं की नाही? त्यावर तो गालातल्या गालात हसला. हसला, कारण मागच्याच आठवड्यात मी अंघोळ अर्धी टाकून, डोक्याला साबण, धावत बाहेर आले होते, आणि रडत होतं शेजारच्यांचं मांजर.

हीच तर गोम आहे! बाईसाहेब आल्यापासून माझ्या कानांची या घरात पत उरलेली नाही. मला नळ रडल्यासारखा वाटतो. मिक्सर रडल्यासारखा वाटतो. एकदा तर प्रेशर कुकर शिट्टीच्या आधी जो श्वास घेतो ना, त्यावरून मी बालरोगतज्ज्ञांना फोन लावला होता. त्यामुळे 'लांडगा आला रे आला' म्हणणाऱ्या त्या पोराचं आणि माझं आता सारखंच. फरक एवढाच, की त्याला ठाऊक होतं आपण खोटं बोलतोय. मला तेही नक्की ठाऊक नाही!

बरं, एरवी मी दिलं असतं सोडून. पण सोमवार यायचा होता. सोमवारी माझी रजा संपायची होती. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, टेकडीच्या पायथ्याशी, आणि पाळणाघर तिथेच, भिंतीला भिंत लागून. घर मात्र वर, टेकडीवर. मधला रस्ता म्हणजे दगड, वळण, खड्डा, वळण, आणि एका बाजूला सरळ खाली दरी. नवऱ्याची मोटरसायकल आहे, तिच्यावर बाळ नेता येत नाही. दुसरी कुठली गाडी त्या रस्त्यावर चढत नाही. म्हणजे रोज सकाळी मी, बाईसाहेब आणि तो आवाज, असे तिघंच उतरणार. म्हणून मी तीन आठवडे आधीपासून रंगीत तालीम म्हणून त्यांना घेऊन खाली-वर करत होते, आणि प्रत्येक तालमीला... डावीकडून. मागून. गाडी हळू असताना.

सासूबाईंना पुढे बसवून नेलं. म्हटलं, "आई, आला ना आत्ता? ऐकलंत?"

"मला नाही बाई ऐकू आला. माझं सगळं लक्ष रस्त्यावर असतं."

"तुम्ही कुठे चालवताय?"

"तू चालवतेस, म्हणूनच."

घ्या!

सासऱ्यांना विचारलं, तर ते पेपरातून मान वर न काढता, "हे बघ पोरी, गाडी ठणठणीत आहे." संपलं. ठणठणीत! हा शब्द ते गाडीला, स्वतःच्या गुडघ्याला आणि घराच्या गळक्या छताला सारख्याच आत्मविश्वासाने वापरतात. वर विचारतात काय, "बाळाला धक्के बसतात का?" म्हटलं, नाही, धक्के नाही बसत, पण आवाज... "धक्के नाहीत ना? मग झालं तर!" असे खूश होऊन हसले, जसं काही मी त्यांचं कौतुकच केलं. आणि हे हल्ली त्यांचं नेहमीचंच. बाईसाहेबांना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवसापासून, गाडी खड्ड्यातून गेली की पुढच्या सीटवरून मान वळवून, "धक्का बसला का गं?" मला नाही हं विचारत. नातीला.

मग नवरा. नवरा माझा भला माणूस आहे, तुम्हाला खोटं सांगत नाही. तो म्हणाला, "चल, मी स्वतः मागे बसतो. जिथून आवाज येतो तिथेच बसतो. म्हणजे शंकाच नको." त्याने बाईसाहेबांचं सीट सोडवलं. त्यात त्याचं नख मोडलं, पण तो रागावला नाही. बाईसाहेब सासूबाईंकडे दिल्या आणि तो डावीकडे मागे बसला. आता माझा नवरा म्हणजे काही काडीपैलवान नाही. लग्नात बारीक होता, माझ्या डोहाळ्यांच्या काळात मला साथ द्यायची म्हणून जो खायला लागला, तो माझी प्रसूती झाली तरी थांबलाच नाही. बसला. मी गाडी काढली. पहिल्या खड्ड्यातून नेली. काही नाही. दुसऱ्यातून, मुद्दाम हळू. काही नाही! उतारावरून नेली, चढावरून आणली, एका दगडावर तर मी चाक अक्षरशः देवाचं नाव घेऊन चढवलं... दारं वाजली, काचा वाजल्या, जॅक वाजला, वळणावर हॉर्न वाजला. खट्टक नाही!

नवऱ्याने मागून हळूच खांद्यावर हात ठेवला. "तुझी झोप होत नाहीये गं."

हे वाक्य लक्षात ठेवा. हे वाक्य पुढे मला इतक्या लोकांनी ऐकवलंय, की ते मी आता दुसऱ्याच्या तोंडून सुरू व्हायच्या आधी पूर्ण करू शकते.

घरी आलो. त्याने सीट परत बसवलं. बाईसाहेबांना बसवून मी नुसती दारासमोरून कोपऱ्यापर्यंत गाडी नेली... खट्टक! मी भर रस्त्यात ब्रेक मारला आणि मागे वळून पाहिलं. बाईसाहेबांनी डोळे मिटलेले.

मग मी गॅरेज गाठलं. आमच्या गॅरेजवाल्याला सगळे प्रोफेसर म्हणतात. शिकलाय किती ते माहीत नाही, पण कुठलीही गोष्ट दुरुस्त करण्याआधी तो तिच्यावर व्याख्यान देतो. हातात पाना, खांद्यावर फडकं, गळ्यात चक्क डॉक्टरांचा स्टेथोस्कोप! तो इंजिनाला लावतो. मला क्षणभर असं वाटून गेलं की आलेच आहे तर बाईसाहेबांच्या छातीलाही लावून घ्यावा... पण नाही म्हटलं.

"ताई, आवाज सांगा."

म्हटलं, "खट्टक."

"खट्टक की खडक?"

"खट्टक."

"शेवटी थोडा टण् आहे का?"

आता काय सांगू? मी भर गॅरेजमध्ये उभी राहून, कडेवर बाळ घेऊन, तोंडाने वेगवेगळे खट्टक काढून दाखवले. बाकीची गिऱ्हाइकं काम सोडून ऐकत होती. एक गृहस्थ म्हणाले, तिसरा बरा होता.

प्रोफेसरांनी डोळे मिटून ऐकलं आणि निदान केलं. "शॉकअप! ताई, शॉकअप म्हणजे गाडीची सहनशक्ती. माणसाचं कसं, आतून थकला की..." आणि पुढे बरंच काही. मागचे दोन्ही शॉकअप बदलले. मग म्हणाले, चला, आवाज गेला का बघू. बाईसाहेबांचं सीट पुन्हा सोडवलं, प्रोफेसर स्वतः डावीकडे मागे बसले, स्टेथोस्कोप गाडीच्या तळाला लावला, आणि मी चालवली. आवाज नाही. "गेला ना?" गेला हो! मी इतकी आनंदले की त्यांना दोनदा थँक्यू म्हटलं. ते उतरले. मी बाईसाहेबांना बसवलं, गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडते न पडते तोच... मी काही बोलतच नाही. तुम्हीच म्हणा.

डावीकडून. मागून. गाडी हळू असताना.

पुन्हा गेले. या वेळी निदान असं, की बिघाड पुढे आहे आणि आवाज मागे येतोय. "आवाज फिरतो, ताई. पोटात गॅस झाला तर दुखतं कुठे? पाठीत!" पुढचे बुश बदलले. बुश म्हणजे ती रबराची जाड कडी असतात, लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये घालतात. माझ्या आणि सासूबाईंच्या मध्ये नवरा असतो तसं. बदलले. प्रोफेसर मागे बसले. आवाज नाही. उतरले. खट्टक! तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले, आणि व्याख्यान न देता एकदम हळू आवाजात विचारलं, "ताई, एक विचारू? घरी सगळं ठीक ना? नाही, माझ्या बहिणीला पण बाळंतपणानंतर... झोप होत नाही ना..."

म्हटलं ना मी तुम्हाला!

पण मी काय गप्प बसणारी? प्रयोगशाळेत काम करते मी. पुरावा लागतो ना? देते पुरावा! मी मोबाईल बाईसाहेबांच्या सीटला रबराने बांधला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि टेकडी उतरून चढून आले. घरी येऊन नवऱ्याला समोर बसवलं. "ऐक." तो ऐकायला लागला. "हा का?" नाही, तो दाराचा. "हा?" नाही रे, ती दुधाची बाटली. "हा कोण?" ती मी, स्वतःशी बोलतेय. "हा?" हो! हाच! हाच तो! त्याने मागे नेऊन परत ऐकला, परत ऐकला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "हा खुळखुळा आहे ना?"

खुळखुळा! आता खुळखुळा कुठे आणि खट्टक कुठे! पण तुम्हाला खरं सांगू का, तो परत परत ऐकला ना, की मलाही तो खुळखुळाच वाटायला लागला. आणि तिथे मी हादरले. त्या रात्री नाही, त्या वेळीच, भर दुपारी, कपडे वाळत घालता घालता. हातात बाईसाहेबांचं इवलंसं झबलं, आणि डोक्यात सरळ हिशोब: गाडी बिघडली असेल, तर बाळ त्या गाडीत नको. आणि गाडी बिघडली नसेल, तर मी बिघडलेय. मग बाळ माझ्या गाडीत तरी कसं हो? ज्या बाईला नसलेले आवाज ऐकू येतात तिने दरीच्या कडेने स्टिअरिंग धरायचं? दोन्हीकडून उत्तर एकच. सोमवारी जायचं नाही. रजा वाढवायची. साहेबांना काय सांगणार? की मला डावीकडून, मागून ऐकू येतं?

झबलं मी एकाच चिमट्यावर लटकत ठेवलं आणि खाली बसले. रडले नाही हं. रडायलाच बसले होते, पण तेवढ्यात आतून बाईसाहेबांनी सुरू केलं. आणि एका घरात एका वेळी एकच.

त्यांना मांडीवर घेऊन दूध पाजताना मी कामाचा विचार करत होते. म्हणजे नोकरीचा. आमच्याकडे नवीन मुली येतात ना, त्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. पाण्याचा नमुना घेताना बाटलीत बोट घालायचं नाही. का? कारण मग तुम्ही पाणी तपासत नाही, स्वतःचं बोट तपासता. गेली कित्येक वर्षं हे वाक्य मी पोपटासारखं म्हणतेय... आणि एकदम मी ताठ बसले. इतकी ताठ, की बाईसाहेबांचं तोंड सुटलं आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की काय चाललंय काय?

बोट! सगळ्यांनी बोट घातलं होतं! नवरा कुठे बसला? डावीकडे, मागे. प्रोफेसर कुठे बसले? डावीकडे, मागे. आवाज ऐकायला म्हणून जो येतो तो आवाजावरच येऊन बसतो! नवऱ्याचं ते साथ देऊन देऊन वाढलेलं वजन त्या कोपऱ्यावर आलं की खाली जे काही हलतंय ते दाबून बसणार, मग ते वाजेल कसं? बाईसाहेबांचं वजन ते किती, ओल्या टॉवेलाएवढं. त्या बसल्या काय आणि न बसल्या काय, गाडीला पत्ताच नाही. म्हणजे आवाज फक्त बाईसाहेबांसमोर होणार. आणि त्या साक्ष देत नाहीत!

म्हणजे कुणीतरी ऐकायला हवं, पण आत बसून नाही. बाहेरून. गाडीबरोबर चालत.

घरात कोण? नवरा तोवर कामावर गेलेला. सासरे म्हणाले, गाडी ठणठणीत आहे, आणि मांजरासारखे मागच्या दाराने बागेत गेले. राहिल्या सासूबाई.

"आई, गाडीबरोबर चाला."

"गाडी असताना चालू कशाला?"

समजावलं. पटलं नाही. पण माझा चेहरा बघून असेल, त्यांनी चपला घातल्या. बाईसाहेबांना मागे सीटवर बसवलं, मी पहिल्या गिअरमध्ये गाडी काढली, आणि सासूबाई डावीकडून, मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर हात ठेवून, एखाद्याने जनावर बाजारात न्यावं तशा बरोबर चालायला लागल्या. अख्खी गल्ली बघत होती. शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "काय हो, बंद पडली का?"

"नाही, चालू आहे!" सासूबाई.

"मग चालताय कशाला?"

"सुनेला विचारा!"

गल्लीच्या टोकाला तो गतिरोधक आहे. मी हळूहळू त्याच्यावर चढवली. पुढची चाकं उतरली. मी देवाला म्हटलं, बाबा रे, वाजव. आयुष्यात कुणी आपली गाडी वाजावी म्हणून प्रार्थना केली असेल का? मागची चाकं चढली, उतरली, आणि...

आलाच!

मी ब्रेक दाबला. बाहेर काहीच हालचाल नाही. आणि मग खिडकीत सासूबाईंचं तोंड, पदर घसरलेला, डोळे एवढे मोठे. "अगं आहे की गं! हाताला लागला माझ्या! अगं केवढा आहे हा! आणि तू यातून माझ्या नातीला खाली-वर करत होतीस?"

बघा! जी बाई तीन आठवडे 'मला नाही बाई ऐकू आला' म्हणत होती, तिने आवाज सापडल्याच्या पहिल्याच मिनिटाला मलाच दोषी धरलं. पण तुम्हाला सांगते, मला इतकं बरं वाटलं! इतकं बरं वाटलं की मी गाडी बंद करून, खाली उतरून, भर गल्लीत सासूबाईंना मिठी मारली. काकू वरून म्हणाल्या, "वाईट झालं का काही?"

संध्याकाळी सगळी वरात गॅरेजमध्ये. नवरा, मी, बाईसाहेब, सासूबाई साक्षीदार म्हणून, आणि सासरे. सासरे यायला तयार नव्हते. "गर्दी कशाला, गाडी ठणठणीत..." पण सासूबाईंनी नुसतं पाहिलं, आणि ते पुढच्या सीटवर येऊन बसले. प्रोफेसरांनी बोटाचा सिद्धांत ऐकून घेतला, आणि तुम्हाला गंमत सांगू? म्हणाले, "मी तेच म्हणत होतो." कधी? कुणाला? पण असो. गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली, ते खाली उतरले, आणि वरून मी आणि नवऱ्याने मागचा बंपर धरून गाडी वर-खाली, वर-खाली हलवायला सुरुवात केली. खट्टक. खट्टक. सगळ्यांना ऐकू येत होता. नवऱ्यालाही! त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. खुळखुळा म्हणे!

"सापडला!" खालून आवाज. "शॅकल!"

शॅकल म्हणजे, मलाही तेव्हाच कळलं, या जुन्या गाड्यांना खाली लोखंडी पाटे असतात, एकावर एक, कमानीसारखे. त्या पाट्यांचं मागचं टोक ज्या झुलत्या पट्टीने गाडीला टांगलेलं असतं, ती शॅकल. तिचा नट सैल. सैल म्हणजे चांगला बोटभर. "ताई, हा अजून थोडा फिरला असता तर पिन बाहेर आली असती." प्रोफेसर वर येऊन म्हणाले, आणि पुढे व्याख्यान जोडलं नाही. पिन बाहेर म्हणजे काय हे मी विचारलं नाही. मला रस्त्याकडेची ती दरी दिसली, बस्स. बाईसाहेबांना मी सासूबाईंच्या हातातून काढून माझ्याकडे घेतलं.

"पण एक आहे," प्रोफेसर म्हणाले, "हा आपोआप सैल झालेला नाही. पाना लावल्याचे ओरखडे आहेत. आणि आमच्या गॅरेजमध्ये या नटाला कुणी हात लावलेला नाही, हे मी लिहून देतो. हा कुणीतरी मुद्दाम सैल केलाय."

मुद्दाम! माझ्या डोक्यात एका क्षणात किती शत्रू येऊन गेले! कोण करेल? शेजारचे? मांजरवाले?

आणि सासरे खोकले.

तुम्हाला माहितीये ना तो खोकला? घशात काही नसताना येतो तो. सासूबाईंची मान त्यांच्याकडे वळली. अशी, हळूहळू, तोफ वळते तशी.

"मी... थोडासाच केला होता." सासरे छताकडे बघून म्हणाले. "बाळाला दवाखान्यातून आणायचं होतं. शॅकल आवळलेली असली की पाटे आखडतात. धरणावर आम्ही थोडी सैल सोडायचो... गाडी पाळण्यासारखी चालते. म्हटलं, एवढासा जीव, पहिल्याच दिवशी धक्के नकोत. ती बसते तेवढीच बाजू केली."

ती बसते तेवढीच बाजू!

"आणि मी तीन आठवडे आवाज आवाज म्हणून ओरडतेय, बाबा, तेव्हा?"

"मला खरंच ऐकू आला नाही गं. धरणावरच्या सुरुंगांनी माझा डावा कान केव्हाच गेलाय. मी पुढे डावीकडे बसतो, खिडकीकडे तोच कान..." आणि मग एकदम हळू, "आणि तू म्हणालीस ना, धक्के बसत नाहीत."

मला ओरडायचं होतं. खरंच, मोठ्याने ओरडायचं होतं. पण ते तिथे उभे होते, पांढरा सदरा, बाईसाहेबांच्या टोपड्या-मोज्यांची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. पिन बाहेर येते म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी गप्प बसले. पण सासूबाई थोड्याच गप्प बसतात?

"नातीला पाळणा! आणि माझ्या वेळी? मी टाके घातलेली, कुशीत तुमचा मुलगा, आणि याच गाडीतून आपटत, आपटत आणलंत मला! तेव्हा नाही सुचलं काही सैल करायचं?"

"तेव्हा गाडी नवी होती," सासरे म्हणाले.

हे त्यांनी बोलायला नको होतं. ते प्रकरण घरी अजून चालू आहे.

असो. नट आवळला. पिन नवी घातली. बुश नवे घातले. दोन्ही बाजू केल्या. प्रोफेसरांनी मला दहादा दाखवलं, मी अकराव्यांदा स्वतः पाना लावून पाहिला. आणि सोमवार उजाडला. मी साडी नेसले, डबा घेतला, बाईसाहेबांना पट्ट्यांत बसवलं. सासरे आधीच मागे येऊन बसलेले, उजवीकडे, नातीच्या शेजारी. "मी येतो आजच्या दिवस." नको कसं म्हणणार? निघालो. पहिला खड्डा... शांत. दुसरा खड्डा... शांत! पहिलं वळण, हॉर्न वाजला, तो वाजणारच. पण डावीकडून, मागून, गाडी हळू असताना... काही नाही! मला वाटलं मी गाडी चालवत नाहीये, तरंगतेय. मी ऐकत होते ते खरं होतं, माझे कान शाबूत होते, माझं डोकं शाबूत होतं, माझं पोर...

माझं पोर भोकाड पसरून रडायला लागलं.

रडलं म्हणजे काय! लाल, जांभळं, मुठी आवळून! दूध झालेलं, कपडे कोरडे, ताप नाही. मी थांबवून सगळं तपासलं. पुन्हा निघाले, पुन्हा भोकाड. खेळणं दाखवलं, फेकून दिलं. गाणं म्हटलं, जास्तच. ज्या रस्त्यावर बाईसाहेब रोज निम्म्या उतारालाच गाढ झोपायच्या, त्या रस्त्यावर... आणि मला एकदम उमगलं. झोपायच्या. डोळे मिटायच्या. भीतीने नाही हो! आवाज झाला की त्या मिटायच्या डोळे, तर ती त्यांची अंगाई होती! जन्मल्यापासून गाडी म्हणजे खट्टक, आणि खट्टक म्हणजे झोप! जगातलं तेवढं एकच गाणं त्यांना माहीत, आणि ते मी नवा बुश घालून बंद पाडलं होतं!

मी आरशात पाहिलं. सासऱ्यांच्याही लक्षात आलं होतं. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, सीटखाली हात घातला आणि त्यांचा तो धरणावरचा जुना पाना काढला. मी ओरडणारच होते, "बाबा, कशालाही हात लावू नका!" पण ते फक्त वाकले, आणि पुढचा खड्डा आला तसं बाळाच्या सीटखालच्या पत्र्यावर पान्याने हळूच...

खट्टक.

रडणं थांबलं. पुढचा खड्डा. खट्टक. डोळे मिटले. तिसऱ्या खड्ड्याला बाईसाहेब घोरत होत्या.

तेव्हापासून असंच आहे. सासरे रोज येतात, रोज मागे बसतात. चुकून खड्डा नसताना वाजवला तर बाईसाहेब एक डोळा उघडतात, इतका त्यांना तो ताल कळतो. आणि मधून मधून तो प्रश्न आहेच, "धक्का बसला का गं?" काल प्रयोगशाळेच्या फाटकाशी गाडी हळू केली, तर आमच्या रखवालदार काकांनी हात दाखवून थांबवलं. खिडकीशी वाकले आणि काळजीने म्हणाले, "मॅडम, तुमच्या गाडीचा आवाज येतोय कसला तरी. डावीकडून. मागून."

मी मागे पाहिलं. सासरे पेपर वाचत होते.

काय सांगणार? म्हटलं, "काका, तुमची झोप होते ना नीट?"